खड्ड्यातला नळ आणि मागे येणारी गाडी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "टिबिया. कमिन्यूटेड फ्रॅक्चर आहे." म्हणजे नडगीच्या हाडाचे बरेच तुकडे झालेत. मी विचारलं, "चालता येईल ना?" ते म्हणाले, "आधी प्लेट बसवू, मग बघू." त्या 'बघू'चा मला जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहत होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. पाण्याला जोर नसायचा म्हणून गल्लीतला नळ खड्ड्यात उतरवलेला. हंडा भरायचा तर कडेला उकिडवं बसावं लागे. शेजारच्या सिमेंटवाल्याने त्याच सुमारास भलीमोठी पिकअप गाडी घेतली. तिचं मागचं फळकं माझ्या डोक्याच्या वर जायचं. दोन हातगाड्या आल्या तरी जिथे भांडणं होतात, त्या गल्लीत हे धूड कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "मोठी गाडी असली की ट्रिपा कमी होतात, वहिनी," असं उत्तर मिळालं.

गाडी रिव्हर्सला आली की गल्लीत जो मोकळा असेल तो मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारायचा. येऊ दे, येऊ दे. कुणाला सांगावं लागत नसे. त्या सकाळी आमचे हे उभे होते, ड्रायव्हरच्या बाजूला. मी दुसऱ्या बाजूला, नळाशी. ह्यांना वाटलं, मी पाणी घेऊन घरात गेले. गाडीचं रिव्हर्सचं गाणं एवढं मोठं की माझी हाक कुणाला ऐकू गेली नाही. चाक पायावर चढलं तेव्हाही हे "येऊ दे"च म्हणत होते.

प्लेट बसली. मग 'नॉन-वेट-बेअरिंग', म्हणजे पाय जमिनीला टेकवायचाच नाही. भेटायला येणारे शहाळं ठेवायचे आणि विचारायचे, "मागे बघायचं नाही का?" पाणी भरणारीने मागे बघायचं, मग गाडीवाल्याने काय करायचं? त्याला कुणी काही विचारलं नाही. रिक्षा त्यानेच करून दिली होती ना, माणूस चांगला! तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच पाहुण्याला स्पष्ट सांगा की चूक तुमची नव्हती. मी गप्प राहिले आणि कुढत बसले. झोपेच्या गोळ्या लागल्या त्या त्यामुळेच.

हे रोज डबा आणायचे. एकदाच म्हणाले, "दोन्ही बाजूंनी फिरून बघायला पाहिजे होतं गं." मला चिडायचं होतं, पण रडूच आलं.

पुढे एक्स-रेमध्ये 'कॅलस' दिसला, म्हणजे तुकडे सांधणारं नवं हाड. डॉक्टर म्हणाले, "आता टाका पाय खाली."

काठी घेऊन मी पहिल्यांदा गल्लीत उतरले, तर समोर तीच पिकअप. ड्रायव्हरने हाक मारली, "काका, जरा बघा ना!" हे उठले. सवयीने हात वर गेला, पण 'येऊ दे' काही तोंडातून निघेना. गाणं वाजतच राहिलं. मग ह्यांनी पत्र्यावर जोरात थाप मारली.

"नाही येणार. बाहेरच लाव."

"अहो काका, जागा आहे की!"

"आहे ना. ती हिला चालायला आहे."

त्या दिवशी सिमेंटच्या गोण्या खांद्यावरून आत आल्या. मी काठी टेकत नळापर्यंत गेले, गल्लीच्या अगदी मधून, आणि परत आले. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण माझा पाय खरा जमिनीला टेकला तो त्या दिवशी.