सासूसाठी बाहेर चहा

मर्गिलान शहरातल्या आमच्या दवाखान्यात कातडी घट्ट करायचं यंत्र झुल्हुमोर आपा चालवते. पोटावर जेल लावायची, यंत्राचं गरम डोकं गोल गोल फिरवायचं आणि सारखं विचारत राहायचं, "चटका बसतोय का गं?" कारण पेशंटनं सांगितल्याशिवाय आपल्याला कळणार कसं?

पण बाळंतपणानंतर येणाऱ्या सुना सांगतील तर शपथ! शेजारी सासू बसलेली असली की एकच उत्तर, "नाही, बरं वाटतंय." इकडं कातडी लालबुंद! सासूपुढं हूं की चूं करायचं नाही, हे आमच्याकडं माहेरीच शिकवून पाठवतात. म्हणून आपा आधी सासूलाच पिटाळते. "मावशी, बाहेर हिरवा चहा ठेवलाय, गार होतोय. उठा बघू!" सासवा फणकारतात, पण जातात.

गेल्या शुक्रवारी आपाची स्वतःची सून आली, दिलफुझा. आपानं कौतुकानं यंत्र हातात घेतलं.

"गरम लागतंय का गं?"

"नाही, आई."

"खरं सांग."

"छान वाटतंय, आई."

मी टॉवेल घेऊन शेजारीच उभी होते. दिलफुझानं चादर मुठीत गच्च आवळली होती. मी आपाला डोळ्यांनी तिची मूठ दाखवली.

आपाचा हात थांबला. तिनं यंत्र उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"तू कर," ती म्हणाली. "हिच्या सासूचा चहा गार होतोय."