हातभर काळी माती

धुळ्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करण्यात माझी उभी हयात गेली. लोकांच्या मातीवर आम्लाचा थेंब टाकायचा, ती फसफसली की कागदावर 'चुनखडी जास्त' असं लिहायचं, हे माझं काम. माणसं हिरमुसून जायची आणि मी पुढची पिशवी सोडायचो.

आमचं शेत अमळनेर तालुक्यात, तापीकाठी. वर हातभर काळी माती, खाली चुनखडीच्या खड्यांनी भरलेली पिवळी. डोंगराचा काळा दगड झिजतो, नदी गाळ आणून पसरते, हे मला तोंडपाठ. शेताला चढउतार होता. ठिबक नीट चालावं म्हणून मी सपाटीकरणाचा हट्ट धरला. आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "पहिले काळी माटी एक बाजूले काढी ठेव. मंग काय करनं ते कर."

रीत तीच. वरची काळी ढीग करून ठेवायची, खालचं सपाट करायचं, मग काळी परत पसरायची. मला रजा एकाच दिवसाची होती आणि अक्कलही बहुधा तेवढीच. जेसीबीवाल्याला म्हणालो, थेट ओढ. उंचवट्यावरची काळी खोलगटात गेली, तिच्यावर पिवळी बसली. संध्याकाळी शेत परातीसारखं सपाट दिसत होतं आणि मी खूश होतो.

भुईमूग उगवला आणि महिन्याभरात पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घातलं, ताग गाडला, फवारे मारले. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्याही. शेवटी मी आमचीच माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेली. थेंब टाकला तशी ती दुधासारखी उतू गेली. कागदावर काय लिहायचं ते ठाऊक होतं, पण हात चालेना. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आबा आता नव्वदीला टेकलेत. परवा बांधावर बसून त्यांनी विचारलं, "पुन्हा काळी व्हवाले कितला वरीस लागतीन?"

बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात, हे मी शाळाशाळांतून सांगत आलोय. मी म्हणालो, "लागतीन दहा-बारा."

त्यांनी शेतावरून नजर फिरवली.

"मंग तू तं देखशी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की मी हो म्हणालो.