अळणी लाह्या

शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी परवा मला एक पाकीट देऊन गेली. "आजी, यानं वजन वाढत नाही. तळलेलं नाही, मीठ अगदी नावाला," म्हणाली. ती कंपनीत जाते, दिवसभर खुर्चीत बसते आणि संध्याकाळी फरसाणाऐवजी हे खाते. पाकीट फोडलं, तर आत ज्वारीच्या लाह्या. मी एक तोंडात टाकली आणि पाकीट बाजूला सारलं. तिला वाटलं, मला आवडल्या नाहीत. या लाह्यांचं आणि माझं जुनं भांडण आहे, हे तिला कुठून सांगत बसू?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवड म्हणजे तेव्हा एक स्टेशन, छोटा बाजार आणि पुढे शेतंच शेतं. पिंपरीच्या बाजूला कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या. हे स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तेव्हाही कधी घेतलं नाही, आता काय घ्यायचं! घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. सासूबाई मोशीच्या, सगळा जन्म शेतात राबलेल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

यांना कुरकुरीत खाण्याचं वेड होतं. संध्याकाळी घरी आले की हातात शेवेचा पुडा असायचाच. चहाबरोबर शेव, भातावर शेव, आणि रविवारी तळलेली पापडी. पापडी दाताखाली मोडली की यांचे डोळे आपोआप मिटायचे. मी चिडवायचे, "तुम्ही एखाद्या फरसाणवाल्याचा जावई व्हायला हवं होतं." हे म्हणायचे, "विचारलं होतं, पण त्यांनी मला पाहिलं आणि दुकान रिकामं होईल म्हणून नकार दिला." अंगानं चांगले भरलेले होते. आत्याबाईंना त्याचं कौतुक होतं, लेक खात्यापित्या घरचा दिसतो म्हणून.

मग एका सकाळी यांच्या पायात बूट चढेना. पाऊल सुजलं होतं, डोळ्यांखालीही फुगवटा आला होता. आठवडाभर शेक, लेप सगळं झालं, आणि शेवटी गाडीनं पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडं बिघडलीत, रक्तदाबही फार आहे. मीठ बंद, तळलेलं बंद, वजन उतरवा. मी औषधाचं विचारलं, तर म्हणाले, "बाई, सध्या हेच औषध." मला त्यांचा भयंकर राग आला. पुण्यापर्यंत तिकीट काढून जायचं आणि येताना काय आणायचं, तर पथ्य. पथ्य रोग्याला सांगतात, पण ते पाळायचं काम घरच्या बाईचं असतं.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या चालत मोशीला गेल्या, गावच्या देवापुढे नारळ फोडला आणि परत आल्यावर जेवायला बसताना म्हणाल्या, "माझ्याबी ताटात मीठ वाढू नगंस. ज्या दिवशी माझ्या लेकाच्या ताटात मीठ पडंल, त्या दिवशी माझ्या."

"आत्याबाई, तुम्ही या वयात असं करू नका," मी म्हटलं.

"बोलून बसले आता," त्या म्हणाल्या, आणि अळणी पिठलं-भाकरी निमूट खाल्ली. हे बघत बसले. त्या दिवशी यांनी शेवेचं नावही काढलं नाही.

पण जीभ किती दिवस गप्प बसणार? चार दिवसांत चिडचिड सुरू झाली. यांना पोटाला कमी पडत नव्हतं, दाताखाली काही मोडायला हवं होतं. मग मी कामाला लागले. शिळी भाकरी तव्यावर कडक करून तिचे तुकडे केले. लाल भोपळ्याच्या बिया वाळवून भाजल्या. काकडी, मुळा चिरून वर लिंबू पिळून दिलं. हे एक तुकडा चावायचे आणि म्हणायचे, "आवाज येतोय, पण चव कुठे राहिली?"

मुरमुरे चालतील असं वाटून आणले, तर ते खारट लागले. भट्टीवर जाऊन विचारलं. भट्टीवाले चाचा फुटाणे-मुरमुरे भाजायचे, घाम पुसत म्हणाले, "भाभी, मिठाचं पाणी तर लावावंच लागतं. त्याबिगर कोण घेणार?" पण घरचं ऐकल्यावर ते हळहळले आणि यांच्यासाठी बिनमिठाचे थोडे वेगळे भाजून दिले. ते नीट फुलले नाहीत, दाताला कडक लागले. चाचांनी पैसे घेतले नाहीत. मला तेही लागलं, कारण लोक पैसे घेत नाहीत तेव्हा त्यांना काय वाटत असतं ते समजतं.

शेवटी लाह्यांवर येऊन थांबले. कढईत वाळू तापवायची, त्यात मूठभर जोंधळा टाकायचा, तो तडतड फुलला की चाळून घ्यायचा. तेल नाही, मीठ नाही, पोटाला हलकं. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि आमचूर. चव येते, अगदी येत नाही असं नाही. आत्याबाई खायच्या आणि म्हणायच्या, "ग्वाड लागतंय की." हे त्यांच्याकडे बघायचे आणि नाइलाजानं वाटी संपवायचे.

रोज सकाळी मी यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. सूज असली की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. खोल खड्डा दिसला की मी समजायची, काल मालधक्क्यावर कुणीतरी भजी खाऊ घातली. मग मी जे तोंडसुख घ्यायची, विचारू नका. हे आधी नाकबूल करायचे, मग हसायचे, मग शेवटी कबूल करायचे. एकदा तळेगावचे यांचे मित्र भेटायला आले, ते भली मोठी चिवड्याची पिशवी घेऊन. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून. मी ती पिशवी त्यांच्यासमोर उचलून दूधवाल्याला देऊन टाकली. मित्र गोरेमोरे झाले. हे रात्री म्हणाले, "अगं, माणूस परत यायचा नाही." मी म्हटलं, "न येऊ दे, तुम्ही राहा."

पण मग असे दिवस आले, की यांनी बाहेरचं काही खाल्लं नाही हे मला पक्कं ठाऊक असायचं, कारण हे घरीच होते, अंथरुणावर. आणि तरीही अंगठ्याचा खड्डा खोल पडायचा. आधी पोटरीवर, मग मांडीवर. आता भांडायचं कुणाशी? भजी खाल्ली असती तर बरं झालं असतं, निदान ओरडायला कारण मिळालं असतं. मी जिरं-मिरं बदलून बघितलं, लाह्या दोनदा चाळल्या, जसा काही दोष लाह्यांतच होता. हातात काही नाही हे कळत होतं, पण हात थांबत नव्हते. अंगावरचं मांस उतरलं, वजन कमी झालं, आणि सूज तेवढी वाढली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आम्ही केलं होतं. मला रडूही यायचं नाही, नुसती चीड यायची.

थंडी संपत आली तेव्हा डॉक्टर एकदा स्वतः घरी आले. कुणाच्या तरी मोटारीतून तळेगावला निघाले होते, वाटेत उतरले. त्यांनी यांची नाडी बघितली, पाय बघितले, पापणी खाली ओढून बघितली. मग उठले आणि दारात येऊन मला म्हणाले, "आता त्यांना हवं ते खाऊ द्या."

माझ्या मागून आत्याबाई आल्या. "मीठबी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "हो आजी, मीठसुद्धा."

आत्याबाईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. डॉक्टर मागे सरले, "अहो, नको," म्हणत घाईनं मोटारीत जाऊन बसले. इतके दिवस मी त्या माणसावर रागावले होते. त्या दिवशी रागावता आलं नाही. आपल्याकडचं सगळं संपलं, असं ते सांगून गेले होते, आणि ते फक्त मला कळलं होतं. आत्याबाईंना वाटलं, देव पावला. त्यांचा आनंद बघून मी खरं सांगायचं टाळलं. सांगून काय झालं असतं? त्यांचा लेक वाचणार नव्हताच, तेवढे आनंदाचे दिवसही गेले असते.

त्या लगोलग बाजारात गेल्या, स्वतः. इतकं भरभर चालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कढईतली गरम शेव पुड्यात बांधून आणली. यांना वळकटीला टेकवून बसवलं, ताटलीत शेव घातली आणि समोर फतकल मारून बसल्या. "खा लेकरा. डाक्टर म्हनले, समदं खायाचं."

यांनी चिमूटभर शेव तोंडात टाकली. मी दाराची चौकट धरून उभी होते. मला वाटलं, आता डोळे मिटतील. यांनी तोंड वाकडं केलं.

"खारट आहे गं, आई. घशाखाली उतरत नाही."

आत्याबाईंनी त्याच ताटलीतली थोडी उचलून खाल्ली. त्यांच्या तोंडात मीठ पडलं ते असं. त्यांचाही चेहरा आंबला. "मूठभर मीठ टाकलंय मेल्यानं," त्या म्हणाल्या, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. शेव नेहमीचीच होती. मी नंतर खाऊन बघितली. जीभ त्यांची बदलली होती.

मग हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या लाह्या आहेत का थोड्या?"

हे वाक्य ऐकायला मी किती तडफडले होते. आणि ते या दिवशी आलं. लाह्या नव्हत्या, आता कशाला लागतील म्हणून डॉक्टर गेल्यावर केल्याच नव्हत्या. मी चूल पेटवली आणि वाळू तापत ठेवली. जोंधळा टाकल्यावर तडतड सुरू झाली, तशा आत्याबाई परसात गेल्या. कुंपणापलीकडच्या बाईला त्या सांगत होत्या ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"डाक्टरनं मिठाची परवानगी दिली, तर ह्योच नगं म्हनतोय. लाह्याच मागतोय. इतका बरा झालाय माझा ल्योक."

मी पहिला घाणा चाळून घेतला, त्यावर जिऱ्याची पूड भुरभुरली आणि वाटी यांच्या हातात नेऊन दिली.