प्रश्न विचारल्याशिवाय जायचं नाही

आमच्या ह्यांचं नाव मी उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी कधी घेतलं नाही आणि आता लिहितानाही घेणार नाही. 'हे' म्हटलं की घरच्यांना कळायचं, तुम्हालाही कळेल.

लग्न होऊन मी केनवडला आले तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. अंगाची हळद उतरली नाही तोच ह्यांना वाशीमला नोकरी लागली. नोकरी कसली, ते गावात कोणाला धड सांगता येईना. रेल्वे स्टेशनापलीकडे एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं. त्याच्या गोदामात दूरच्या शहरातल्या शास्त्रज्ञांनी एक यंत्र आणून मांडलं होतं. आभाळातून काहीतरी येतं, ते हे यंत्र मोजायचं म्हणे. हे मॅट्रिक झालेले, अक्षर चांगलं, म्हणून तिथल्या साहेबांनी ह्यांना मदतनीस ठेवून घेतलं. यंत्राला सुट्टी नव्हती, त्यामुळे ह्यांनाही नव्हती.

मी केनवडला, हे वाशीमला. मधे मालेगावला मोटार बदलायची, एवढंच काय ते अंतर. पण घरात बायामाणसं दोनच, सासूबाई आणि मी. निंदण, दळण, गुरं, सगळं दोघींच्या अंगावर. शिवाय सासूबाईंचं एक ठाम मत होतं. सुनेनं वेगळी चूल मांडली की पोरगा हातचा गेला. त्यांच्या जावेचा लेक तसा गेला होता, आणि जाऊ उतारवयात एकटी भाकरी थापत बसायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्यांना दोष तरी कसा द्यावा? मी मात्र द्यायची. मनातल्या मनात भरपूर द्यायची.

हे पोळ्याला यायचे, दिवाळीला यायचे, आले तसे जायचे. ओसरीवर सासऱ्यांजवळ बसून बोलायचे आणि मी आत चुलीपाशी कान टवकारून. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पाणी द्यायचं झालं तरी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं. पत्र आलं तर ते मास्तर सासऱ्यांना वाचून दाखवायचे. मला वाचता येत होतं, पण नवऱ्याचं पत्र सुनेनं हातात घेतलं म्हणजे ती चावट बाई.

मला एकच गोष्ट विचारायची होती. मला कधी नेणार? ते एवढंसं वाक्य मी निंदताना, दळताना, पाणी भरताना घोळवत राहायची. आठवण यायची तेव्हा ह्यांचा चेहरा पुरता आठवायचा नाही, याचंच जास्त रडू यायचं. पाठ आठवायची, कारण मी पाठच जास्त पाहिली होती.

मग एका वर्षी पावसानं डोळे वटारले. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली आणि गावात कुजबूज उठली की वाशीमचं ते यंत्र ढग पिऊन राह्यलं. पारावर लोक सासऱ्यांना टोमणे मारू लागले, पोरगा सरकारी पगार खाते अन् आमचा पाऊस बी खाते. सासरे मोठे मानी. एक दिवस म्हणाले, आपण जाऊन पाहू, खरं असलं तर पोराला परत आणू. तशी अफवा वाशीमातही होतीच. म्हणूनच तिथल्या साहेबांनी दर बाजाराच्या दिवशी गोदामाची दारं सगळ्यांना उघडी ठेवली होती. ज्याला पाहायचं त्यानं यावं, हात लावावा, विचारावं.

सासूबाईंना लेकाची राहायची जागा पाहायची होती. मला नेलं ते भाकरीचं गाठोडं धरायला. मी लुगडं नवं नेसले तर सासूबाई म्हणाल्या, बाजारात काय नाचाले चालली? मी जुनं नेसले, पण केसांना तेल लावलं ते त्यांना दिसलं नाही.

आम्ही कळवलं नव्हतं. गोदामाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. काढा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण आत काहीतरी मोठं आहे म्हटल्यावर आमची माणसं आपोआप चपला काढतात. आत गारवा होता आणि जुन्या सरकीचा वास. मधोमध टेबलावर पितळेच्या तीन नळ्या एकीवर एक आडव्या बसवलेल्या, मधे शिशाच्या विटा, आणि बाजूला तार लावलेली एक डबी. ती डबी थांबून थांबून टिक करायची. आणि तिच्याशेजारी, हात मागे बांधून, आमचे हे.

त्यांनी आम्हाला पाहिलं आणि वाक्य मधेच अडकलं. मग पुढे बोलू लागले. आभाळाच्या पलीकडून बारीक कण येतात, छपरातून येतात, आपल्या अंगातून जातात आणि जमिनीत शिरतात, आपल्याला पत्ता लागत नाही. एवढं शिसं मधे ठेवलं तरी काही काही पार होतात. एकच कण तिन्ही नळ्यांतून गेला की डबी टिक करते. मी ह्यांना इतकं सलग बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. काय बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण आवाज मी साठवून घेतला.

साहेब परमुलखातले, गोरेपान, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारे. त्यांचा एक नियम होता आणि तो ते दारातच उभे राहून प्रत्येकाला ऐकवायचे. प्रश्न विचारल्याशिवाय जायचं नाही. न विचारता गेलेला माणूस बाहेर जाऊन अफवा करतो, असं त्यांचं म्हणणं. मग लोक विचारायचे. एकानं विचारलं, हे खाते काय? एकानं विचारलं, गाभण गाईच्या पोटातून हे कण गेले तर वासराला काही होते का? साहेब सगळ्यांना मान डोलावून शाबासकी द्यायचे आणि उत्तर ह्यांना द्यायला लावायचे.

सासऱ्यांची पाळी आली. त्यांनी पोटच्या पोराला परक्यासारखं विचारलं, हे पाऊस अडवते काय? ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, हे नुसतं मोजते, अडवत काहीच नाही. सासऱ्यांनी डबीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. पोरगा आपल्याशी खोटं बोलत नाही, एवढा पुरावा त्यांना पुरे होता.

सासूबाई म्हणाल्या, मले काही विचाराचं नाही. साहेबांनी खूप आग्रह केला. शेवटी हसून म्हणाले, ठीक आहे माँजी, तुमचा सवाल बाकी राहिला.

आता मी. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, गाठोडं छातीशी. साहेबांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी सासू-सासऱ्यांच्या देखत ह्यांच्याशी बोलणार कशी? साहेबांनी सासूबाईंना विचारलं, ही बोलत नाही का? सासूबाईंनी खरं तेच सांगितलं, नाही, नाही बोलत ती. साहेबांना वाटलं, मुकी-बहिरी आहे बिचारी. त्यांच्या डोळ्यांत इतकी दया दाटली की मलाच माझी कीव आली. ते मला खुणांनी समजावू लागले. बोट वर आभाळाकडे, मग आपल्या छातीवर, मग फरशीवर. मग ह्यांना म्हणाले, ती डबी बाईंच्या हातात द्या, तिला कानांनी नाही तर हाताला तरी कळेल.

हे जागचे हलेनात. साहेबांनी पुन्हा सांगितलं तेव्हा डबी घेऊन माझ्यासमोर आले. मी तळवा डबीवर ठेवला. खालून ह्यांची बोटं. चार माणसांत, दिवसाउजेडी, सासू शेजारी उभी असताना. आम्ही दोघं डबीकडे पाहत राहिलो आणि टिक काही होईना. झालं तेव्हा तळव्याला इवलासा धक्का बसला आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"रात्री हे कोण पाह्यते?"

साहेब दचकले. लोक हसले. हे म्हणाले, "मीच पाह्यतो, बाई."

"मंग तुमी झोपता कवा?"

"दिवसा. जमलं तर."

पाहुण्यांना म्हणतात तसं त्यांनी मला बाई म्हटलं. साहेब खूश झाले, फार चांगला सवाल आहे म्हणाले. आम्ही कोण, हे त्यांना आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं असेल. आम्ही होतो तोवर नाही सांगितलं. सासूबाईंना लेकाची खोली पाहायची होती तेही राहून गेलं, कारण त्यांनी मला दंडाला धरून सरळ बाहेर काढलं. मोटारीत मालेगाव येईपर्यंत त्या एकच म्हणत होत्या, चार लोकांत नवऱ्याले झोपता कवा म्हणून विचारलं, माय वं. सासरे खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटतं ते हसत होते.

आणि मला कधी नेणार, ते राहूनच गेलं. संधी हातात आली होती आणि मी विचारलं काय, तर झोपता कधी. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तेच हवं होतं. ह्यांचे डोळे खोल गेले होते.

पुढचे महिने फार जड गेले. तोवर माझ्या मनाला टेकायला काही नव्हतं, आता तळव्यावरचा तो धक्का होता. भाकरी थापताना थांबायची. वाटायचं, आत्ता माझ्या अंगातून काहीतरी गेलं, तसंच ह्यांच्याही गेलं असेल. त्याला छप्पर अडवत नाही, शिसं अडवत नाही. आम्हाला मात्र एक उंबरठा पुरत होता. तव्यावरची भाकरी करपायची आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या. यंत्रानं सुनेला झपाटलं, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

उन्हाळा लागता लागता साहेबांच्या चपराशानं ह्यांना मोटारीनं घरी आणून घातलं. अंग भट्टीसारखं तापलेलं. मालेगावच्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. सासरे औषधासाठी मालेगावला फेऱ्या मारत आणि आम्ही दोघी उशाशी, ओल्या फडक्याच्या घड्या बदलत. त्या दिवसांत सासूबाई मला रागावल्या नाहीत. भीती दोघींना सारखीच होती, आणि ती वाटून घ्यायला दुसरं माणूस घरात नव्हतं.

एका दुपारी ताप चढला आणि हे बरळू लागले. डोळे उघडे, पण आम्ही दिसत नव्हतो. म्हणाले, या, आत या, घाबरू नका. मग यंत्राची माहिती सांगू लागले. आभाळ, छप्पर, अंग, जमीन, सगळं क्रमानं. आवाज फाटलेला, पण बोलणं तेच, बाजाराच्या दिवसाचं. संपल्यावर माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बोला बाई. प्रश्न विचारल्याशिवाय जायचं नाही."

सासूबाई हातभर अंतरावर होत्या. मी पदर ओढला नाही.

"मले कवा नेता वाशीमले?"

सासूबाईंचा हात फडक्यावर थांबला. ह्यांनी बराच वेळ विचार केला. खरंच कोणा परक्या बाईनं विचारावं आणि तिला नीट उत्तर द्यावं, तसा.

"ते मले नाही सांगता येत, बाई. माही बायको बी गावालेच आहे. गोदामामागं एक खोली पाहून ठेवली तिच्यासाठी. चुना बी मारला. पण मायले विचाराची हिंमत नाही होत. एकटी पडन ते."

मी खाली मान घालून रडत होते. इतके दिवस मी ज्या उत्तरासाठी झुरले ते चुना मारून तयार होतं आणि मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, ह्यांच्या कपाळावर ठेवलं. मग लेकाच्या तोंडाशी वाकून त्यांनी विचारलं, "खोलीत चुलीले जागा आहे काय?"

"आहे," हे म्हणाले. "खिडकीखाली."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"खिडकीखाली वारं लागन," त्या म्हणाल्या. "तू कोपऱ्यात मांडजो."