मेलेल्या घोड्याची चाल

इस्फहानच्या आमच्या गल्लीत ओस्ता यदुल्लाहइतका खडूस माणूस शोधून सापडला नसता. लाकडावर हाडाची बारीक नक्षी जडवणारा कारागीर, म्हणून ओस्ता, म्हणजे उस्ताद; हातात जादू. पण बुद्धिबळाच्या पटासमोर बसला की बाप नाही नि भाऊ नाही. मोहऱ्याला बोट लागलं म्हणजे चाल झाली. "चुकून लागलं हो," असं कुणी म्हणालं की हा थंडपणे म्हणायचा, "मग चुकूनच हरा!" चहाखान्यातल्या लोकांनी एकेक करून त्याच्यासमोर बसणंच सोडलं. त्याचा मुलगा सियामक नऊ वर्षांचा असताना एका वजिरासाठी ओक्साबोक्शी रडला होता. "बाबा, एकदाच परत घेऊ द्या ना!" नाही म्हणजे नाही. पोरानं त्यानंतर पटाला हात लावला नाही. आता तो तेहरानला असतो, नवरोजला फोन करून तब्येत विचारतो, की झालं.

उरला फक्त हुशंग, जुना शेजारी.

क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली, तेव्हा ओस्तानं स्वतः घडवलेला पट त्याच्या बायकोनं, मुनीरनं, तांदळाच्या पोत्यात खुपसून ठेवला. मग हे दोघं खेळायचे कुठं? नानवाल्याच्या रांगेत! रोज सकाळी पुढंमागं उभं राहायचं आणि ओठातल्या ओठात चाली सांगायच्या. पट डोक्यात, मोहरे डोक्यात. मागच्या बायकांना वाटायचं, हे मेले पिठाबद्दलच कुजबुजताहेत. बंदी उठली, पट पोत्यातून बाहेर आला, पण यांना डोक्यातल्या पटाची चटक लागली ती लागलीच. पुढं हुशंग मुलीकडे हॅम्बुर्गला गेला, तरी दर शुक्रवारी सकाळी फोनवर डाव ठरलेला. तोंडातून चाल गेली की गेली.

मुनीरला जाऊन सहा वर्षं झाली होती. शुक्रवारचा तो तास सोडला तर ओस्ताच्या घरात माणसाचा आवाज नव्हता. शनिवार उजाडला की तो पुढच्या शुक्रवारची वाट बघायला लागायचा. याची त्याला लाज वाटायची, पण बघायचा.

पंधरा दिवसांपूर्वी हुशंगच्या मुलीनं फोन घेतला होता. "काका, बाबांना हल्ली विसरायला होतं. कुणी चूक दाखवली की इतके खजील होतात की त्या माणसाशी बोलणंच टाकतात. खालच्या मजल्यावरच्या मित्राशी असंच तोडलं. तुम्ही जरा सांभाळून घ्या हं." ओस्ता नुसता हं म्हणाला होता. सांभाळून घेणं त्याला कधी जमलंय?

या शुक्रवारी ओस्ता जिंकत आला होता.

"काय रे, झोप लागली का तुला?" त्यानं फोनमध्ये विचारलं.

"गप रे, विचार करू दे," हुशंग म्हणाला, आणि मग एकदम चढ्या आवाजात, "घोडा एफ पाच. शह! बघ, कशी जिरवली!"

कुठला घोडा? हुशंगचा एक घोडा नवव्या चालीलाच मेला होता. दुसरा ओस्तानं अर्ध्या तासापूर्वी प्याद्यानं मारला होता, आणि त्याबद्दल हुशंगच्या दोन शिव्याही खाल्ल्या होत्या. चाळीस वर्षांत हुशंगनं डोक्यातलं साधं प्यादंही कधी हरवलं नव्हतं.

"तो मेलाय, गाढवा," हे शब्द ओस्ताच्या अगदी जिभेवर आले. आयुष्यभर तो हेच करत आला होता. पण हे बोललो तर पुढच्या शुक्रवारी फोन वाजायचा नाही, हेही त्याला लख्ख कळत होतं. त्याला भीती वाटली.

"काय झालं? वाचा बसली ना?" हुशंग खिदळला.

"बसली बाबा," ओस्ता म्हणाला. त्यानं डोळे मिटले, डोक्यातल्या पटाबाहेर पडलेला घोडा उचलला आणि एफ पाचवर नेऊन ठेवला. मग आपला राजा सरकवला.

त्याच घोड्यानं सहा चालींत मात केली.

"हरलास! कबूल कर!"

"हरलो रे, हरलो."

हुशंग लहान पोरासारखा हसत सुटला. ओस्ताला सियामकचा वजीर आठवला. एवढंच तर करायचं होतं तेव्हा!

"चल, ठेवतो," हुशंग म्हणाला. "आणि वहिनीला माझा सलाम सांग. आहे कुठं ती? आज आवाज नाही तिचा."

मुनीर गेली तेव्हा याच फोनवर हुशंग ढसाढसा रडला होता. ओस्तानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आत भाजी निवडतेय," तो म्हणाला.

"घोर्मे सब्जी शिजणार? मजा आहे लेका तुझी! सुकं लिंबू जास्त घालायला सांग तिला."

"सांगतो."

फोन बंद झाला. ओस्तानं घसा खाकरला.

"मुनीर," त्यानं आत हाक मारली, "हुशंगनं सलाम सांगितलाय. लिंबू जास्त घाल म्हणाला."