काकांना अंडं चालतं का?

कचेरीचे उपाहारगृह चालवण्यात उभा जन्म घालवलेल्या मावशींना कोणाच्या पोटाला काय सोसत नाही, हे तोंडपाठ होते. साहेबांना वांगे वर्ज्य, टंकलेखिकेला शेंगदाणे. लिफ्टवाल्याने दूध घेतले की लिफ्ट बंद. त्यामुळे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंच्या एका साध्या प्रश्नावर त्या अडल्या, तेव्हा आम्हा भाचरांना नवल वाटले.

मावशींच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. यकृताने हात टेकले होते. नळीने पोटात घातलेले काहीच टिकत नव्हते.

"नुसत्या साखरेवर शरीर तग धरणार नाही. शिरेतून थोडी चरबी द्यावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या पिशवीतला द्रव दुधासारखा पांढरा होता.

"चरबी? अहो, यकृतासाठी म्हणून वर्षभर यांची भाजी नुसत्या पाण्यात शिजवली मी! इथेच सांगितलं होतं."

"ते तेव्हा बरोबर होतं."

"आणि आता हे बरोबर?"

"हो. अगदी सावकाश देऊ, रक्त तपासत राहू. पण यात सोयाबीनचं तेल आहे, अंड्याच्या बलकाचा अंश आहे. काकांना अंडं बाधतं का?"

काका ताटातले उकडलेले अंडे बाजूला सारत आणि मावशी ते निमूट उचलत. नावड की त्रास, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते. काका आता शुद्धीत नव्हते.

मावशींनी नणंदेला फोन लावला.

"अगं, लहानपणी अंड्यानं अंगावर गांधी उठायच्या खऱ्या. पण त्या याच्या की धाकट्याच्या? थांब, धाकट्याला तर मासळी... छे, डोकंच चालेना बघ."

"ताई, आठवा हो! डॉक्टर खोळंबल्यात."

"आठवतेय की! आणि बायको तू ना त्याची?"

मावशींनी फोन ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "केक! माझ्या हातचा केक खातात ते. त्यात अंडी असतात. सोयाबीनही खातात."

"कधी पुरळ, धाप?"

"नाही. पण भाजलेलं अंडं आणि हे, एकच का?"

"अगदी एकच नाही. तरी धोका कमी दिसतो. सुरुवातीला सिस्टर शेजारीच थांबतील."

मावशींनी मान हलवली. तो होकार होता की नकार, कळेना. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारले.

"द्या," त्या म्हणाल्या.

पांढरा थेंब नळीत उतरला. मावशी काकांच्या पिवळ्या पडलेल्या दंडावर वाकल्या.

"सिस्टर, इतक्या पिवळ्या कातडीवर लाल उठलं तर दिसेल का हो?"

"दिसेल. मी बघतेय ना. तुम्ही बसा."

मावशी बसल्या नाहीत. दुसरा दंड पाहायला त्या पलंगाच्या पलीकडे गेल्या.