तेरड्याची गौर आणि घुशी

संशय घेण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही. आई तर दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांना पारखून घेते.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे डोंगरापर्यंत गवताचं मोकळं रान आहे. गावचं घर भावकीत गेल्यापासून आई तिथूनच गौर आणते. आमची गौर तेरड्याची. मुळासकट, स्वतःच्या हाताने उपटलेली. बाजारातली जुडी तिला चालत नाही.

एका वर्षी तेरड्यात ताज्या मातीचे ढीग नेहमीपेक्षा जास्त दिसले, काही रोपं आडवी पडलेली. आईचा संशय समोरच्या काकूंवर. त्या पार्ल्याहून आलेल्या, गॅलरीभर कुंड्या. मलाही ते पटलं. कुंड्यांतली माती त्याच रंगाची होती.

एका दुपारी काकू खुरपं घेऊन तिथे सापडल्याच. "अहो, घुशींनी उकरलेली माती भुसभुशीत असते. कुंड्यांना बरी," त्या म्हणाल्या.

"रोपा तिनाच उपटल्यान," आई मला जिन्यात म्हणाली. पण घुशींचं तिने लक्षात ठेवलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हट्ट धरून बिळं बुजवायला लावली, औषध टाकायला लावलं. कमिटीचा उत्साह म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस, असं मला वाटलं होतं. नेमकं याच कामात त्यांनी कसूर केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात कमरेएवढं गवत वाढलं. तेरडा औषधालाही नाही. आई खिडकीतून समोरच्या गॅलरीवर नजर ठेवून बसायची. मी पुरावा शोधायला गवतात शिरलो. जिथे ढीग असायचे तिथेही आता गवताची गच्च जाळी होती, बोट शिरेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेरड्याची बोंडं फुटून बी दर वर्षी पडत असणार, पण त्याला उघडी माती लागते, आणि पावसाळ्यात ती घुशीच उकरून देत होत्या. आईला सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मला फार वाईट वाटलं.

गौरीच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात कुंडी, कुंडीत फुललेला तेरडा.

"गुलाबाच्या कुंडीत आपोआप आलाय. मी नाही हो लावला. तुम्ही शोधत होतात ना?"

गेल्या वर्षीची ती माती. बी तिच्यातूनच आलं होतं.

आईने रोपं मुळासकट काढली, मुळांची माती परत कुंडीत झटकली. काकूंना आत बसवून हळदीकुंकू लावलं. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "बगलंस? माती हिनाच न्हेलेली. माझो संशय खोटो नव्हतो."

गौर विसर्जन झाल्यावर उरलेली बोंडं पदरात घेऊन ती मागे गेली आणि खुरप्याने गवत उपटून जमीन उकरू लागली. वर बघितलं तर काकू गॅलरीत वाकून, ही कुणाची माती चोरतेय ते बघत होत्या.